पायाचं ऑपरेशन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढचे ६ आठवडे कसे काढायचे?

शुभा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात आमच्याच इमारतीच्या जिन्यात पावसाचं पाणी साचलं होतं, त्यावरून घसरले. डावा पाय आत मुरगळला आणि करंगळीच्या मागचं हाड मोडलं. डॉक्टर त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणाले. सध्या स्लॅब (अर्धं प्लॅस्टर) आहे. येत्या शुक्रवारी ऑपरेशन, हाडाच्या आतून स्क्रू बसवणार. त्यानंतर ६ आठवडे डावा पाय जमिनीला टेकवायचाच नाही, असं बजावलंय.

आमची इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाय मोडला त्या दिवशी ह्यांनी आणि शेजारच्या दादांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची कलायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. पुन्हा तसं जायची-यायची माझी तयारी नाही.

घरात सासूबाई आहेत, वय ७८. मुलगा सहावीत. ह्यांची ड्यूटी शिफ्टची. घर वन बीएचके, संडास भारतीय पद्धतीचा. मी ठाण्याला पतपेढीत आहे, काम बसूनच असतं, पण रोजची लोकल.

जिना, अंघोळ, संडास आणि नंतरचा प्रवास, हे ज्यांनी स्वतः निभावलंय किंवा घरी कुणाचं केलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. डॉक्टर ऑपरेशनचं सगळं नीट समजावतात, पण घरी आल्यावर चहाचा कप ओट्यावरून पलंगापर्यंत कसा न्यायचा, हे कुणाला विचारायचं?

---

नितीन_जर्सी

शुभाताई, काळजी करू नका. माझं घोट्याचं ऑपरेशन इकडे न्यू जर्सीत झालं. इथे नी स्कूटर सर्रास मिळते. दुखऱ्या पायाचा गुडघा गादीवर टेकवायचा आणि दुसऱ्या पायाने ढकलत जायचं. ऑफिसात, मॉलमध्ये फार सोयीची. भारतातही ऑनलाइन मिळते, पण घ्यायच्या आधी घरातले उंबरठे बघा. तिची चाकं लहान असतात, उंबरठ्याला अडली की माणूस पुढे जातो. जिन्यावर तर तिचा काहीच उपयोग नाही. वन बीएचकेत वॉकर बरा, असं माझं मत.

---

वैजूमावशी

शुभा, तुझं वाचलं आणि कुकर लावून लगेच लिहायला बसले.

माझं टाचेचं हाड मोडलं होतं, प्लेट आणि स्क्रू बसवले. आमची गिरगावातली चाळ, दुसरा मजला, लाकडी जिना, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, तोही सामाइक. म्हणून तुला छातीठोक सांगते, सगळं निभतं. मात्र तयारी शुक्रवारच्या आत कर. ऑपरेशन झाल्यावर गोळ्यांच्या गुंगीत आणि दुखण्यात काही सुचत नाही, आणि घरातली माणसंही धावपळीत असतात.

पहिली गोष्ट कमोड खुर्ची. सर्जिकल सामानाच्या दुकानात अनामत घेऊन भाड्याने देतात. बऱ्याच ठिकाणी मंडळं, संस्था रुग्णोपयोगी साहित्य नाममात्र पैशात देतात, तुमच्याकडेही चौकशी कर. वॉकर आणि कुबड्यासुद्धा तिथेच मिळतील. भारतीय संडासात एका पायावर उकिडवं बसायचा विचारही मनात आणू नकोस. खालचं भांडं काढता येणारी खुर्ची घे. काही खुर्च्या भांडं काढून थेट संडासाच्या वर ठेवता येतात, पण त्यासाठी तुमच्या संडासाची रुंदी आधी मापून घे.

आणि हे बायकांनी एकमेकींना स्पष्ट सांगायला हवं, म्हणून सांगते. संडासला जायला नको, कुणाला उठवायला नको, म्हणून आपण पाणी कमी पितो. अजिबात करू नकोस. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट आधीच घट्ट होतं, त्यात झोपून राहणं. माझ्या सुनेने पलंगाजवळ पाण्याची मोठी बाटली ठेवली होती आणि संध्याकाळी ती रिकामी झाली की नाही ते बघायची. इसबगोल चालेल का, ते डॉक्टरांना विचारून घे.

आता पाय. पाय वर ठेवायचा म्हणजे स्टुलावर ठेवायचा नव्हे. आडवं पडून पाय छातीपेक्षा वर गेला पाहिजे. उशा पोटरीखाली लाव आणि टाच अधांतरी राहू दे, नाहीतर टाचेला एकाच जागी दाब येऊन तिथे जखम होते. मला फिजिओंनी सांगितलं होतं, “मावशी, पावलं मोजू नका, पाय खाली किती वेळ लोंबला ते मोजा.” पाय लोंबला की सूज येते, सुजेने टाक्यांवर ताण येतो आणि जखम भरायला वेळ लागतो. ते वाक्य मी कागदावर लिहून कपाटावर चिकटवलं होतं.

खरी अडचण इथेच येते, शुभा. भेटायला माणसं येतात. काका येतात, व्याही येतात, नणंदेच्या सासूबाई येतात. मोठ्या माणसांकडे पाय करून पडायचं कसं, म्हणून आपण उठून बसतो, पाय खाली सोडतो, वर “बरं आहे आता” म्हणून हसतो. ती तासभर बसतात, आणि रात्री पाय ठणकायला लागतो. तुझ्या सासूबाई तर चोवीस तास समोर असणार. तर त्यांना आजच जवळ बसवून सांग, की आई, डॉक्टरांनी पाय उशांवर ठेवायला सांगितलाय, तुमच्याकडे पाय होईल, मनाला लावून घेऊ नका. बघ, त्याच पहिल्यांदा म्हणतील, “अगं, ठेव की.” आमच्याकडे पलंगाचं पायथं देव्हाऱ्याकडे यायचं. मुलाने पलंगच फिरवला. तेवढंही ज्याला जमत नसेल त्याने पायांवर चादर घ्यावी आणि मनात काही आणू नये. पाहुण्यांना दारातच सांगायचं काम मात्र घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. आपल्या तोंडून ते निघत नाही.

चहाच्या कपाबद्दल तू लिहिलंस, ते अगदी खरं. कुबड्या धरल्या की दोन्ही हात गेले. हातात काहीही घेऊन चालायचं नाही, अगदी मोबाईलसुद्धा नाही. मला सुनेने जुन्या परकराच्या कापडाचा मोठ्या खिशांचा एप्रन शिवून दिला. एका खिशात मोबाईल, एकात गोळ्या आणि चष्मा. चहा झाकण घट्ट लागणाऱ्या छोट्या थर्मासमध्ये, आणि थर्मास गळ्यात अडकवलेल्या शबनममध्ये. जेवण मात्र मी ओट्याजवळ खुर्ची टाकून तिथेच जेवायचे, ताट कुठे न्यायलाच नको.

घरातली पायपुसणी सगळी उचल. चार्जरच्या वायरी भिंतीकडे घे. लादी पुसली की वाळेपर्यंत तू पलंगावरून उतरायचं नाही, हा नियमच कर. कुबडीच्या खालचं रबरी बूच ओल्या लादीवर सरकतं. भाड्याच्या कुबड्यांची बुचं बहुतेक वेळा झिजलेली असतात, नवीन बसवून घे, किंमत किरकोळ असते.

अंघोळीला दोन स्टुलं. एकावर आपण, दुसऱ्यावर पाय, आणि पायाला जाड पिशवी वरून टेपने बंद करून. पहिले काही दिवस मी नुसतं अंग पुसून घेत होते, तेही चालतं. टाके निघेपर्यंत पाणी लागू द्यायचंच नाही. प्लॅस्टर आत भिजलं तर वाट बघू नकोस, डॉक्टरांना कळव. आणि खाज आली म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नकोस. त्वचेला ओरखडा गेला तर आत काय चाललंय ते दिसतही नाही.

सकाळी दोन तास बाई ठेव. पैसे जातात, मान्य. पण मुलाची शाळा, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि तुझी अंघोळ हे सगळं शिफ्ट करून आलेल्या एकट्या माणसावर टाकलं, तर आठवडाभरात तो आजारी पडेल.

---

अनघा_फिजिओ

मावशींनी फारच छान लिहिलंय, मी जिन्याचं आणि कुबड्यांचं लिहिते. आधी जोन्स फ्रॅक्चरबद्दल थोडं, कारण ६ आठवडे कशासाठी हे कळलं की पाळणं सोपं जातं.

करंगळीमागचं हाड म्हणजे पाचवं मेटाटार्सल. त्याच्या बुडाला रक्त एका बाजूने मिळतं आणि दांड्याला दुसऱ्या बाजूने. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात पुरवठा तोकडा असतो, आणि जोन्स फ्रॅक्चर नेमकं त्याच पट्ट्यात होतं. म्हणून ते सावकाश भरतं, काहींचं भरतच नाही. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननी १९०२ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं. त्यांचा स्वतःचा पाय नाचताना असाच मोडला होता. आता स्क्रूमुळे हाड भरण्याची शक्यता बरीच वाढते. पण दुखायचं थांबतं आधी आणि हाड भरतं नंतर. मधल्या काळात पेशंटला वाटतं, आता काय हरकत आहे? पाय टेकवायचा की नाही ते एक्स-रे बघून डॉक्टरच ठरवतील.

कुबड्यांचं माप दुकानदार अंदाजाने करून देतो, तुम्ही तपासून घ्या. सरळ उभं राहून हात मोकळा सोडला, की मूठ धरायची दांडी मनगटाच्या घडीशी यायला हवी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहील. वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटांची जागा हवी. वजन तळहातांवर घ्यायचं, काखेवर कधीच नाही. काखेतल्या नसा दाबल्या गेल्या तर हाताला मुंग्या येतात, मनगट कमजोर पडतं.

जिन्याला कठडा मजबूत असेल तर एका हाताने कठडा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात. चढताना चांगला पाय आधी वरच्या पायरीवर, मग कुबड्या. उतरताना कुबड्या आधी खालच्या पायरीवर, दुखरा पाय पुढे अधांतरी, मग चांगला पाय. पण तीन मजले असं चढणं पहिल्या काही आठवड्यांत मी कुणालाच सांगत नाही. बसून जा. चढताना जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसायचं, दोन्ही तळहात मागच्या पायरीवर, चांगल्या पायाने रेटा देऊन एक पायरी वर सरकायचं. डावा पाय समोर उचललेला. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवायला सांगा आणि पाच मिनिटं थांबा. उतरतानाही तसंच, बसून. लोक बघतील, बघू देत. सलवार किंवा ट्रॅकपँट घाला, साडी-गाऊन नको. सोबतचा माणूस नेहमी तुमच्यापेक्षा खालच्या पायरीवर हवा. खुर्चीतून उचलून नेणं मलाही पसंत नाही, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीचा तर पाय मोडू शकतो.

तीन गोष्टी झाल्या तर रात्र आहे, रविवार आहे, असं म्हणत बसू नका. बोटं निळी-पांढरी किंवा बधिर पडली, किंवा पाय वर घेऊनही दुखणं वाढतच गेलं. पोटरी दुखून घट्ट झाली, सुजली. किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं. पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून गुडघा, मांडी आणि मोकळी असलेली बोटं दिवसभर थोड्या थोड्या वेळाने हलवत राहा. व्यायाम कोणते, ते ऑपरेशननंतर तुमचे फिजिओ दाखवतीलच.

---

सोलापूरचा_अमोल

शुभाताई, माझ्या आईच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं मीच केलं, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

आईला शुगर आहे. तिच्या पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे बँडेज घट्ट झालं तरी तिला कळत नव्हतं. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिची बोटं हातात धरून बघायचो, गार लागतात का, रंग बदललाय का. चांगल्या पायाचा तळवासुद्धा बघायचो, कारण सगळा भार त्याच्यावर. त्या पायात घरातसुद्धा एमसीआरची (बारीक छिद्रांच्या रबराची) मऊ चप्पल होती, अनवाणी एक पाऊल नाही. तुम्हाला शुगर नसेल तरी चांगला पाय जपा. त्याला फोड आला तर उभं राहायला दुसरा पाय नाही.

दुसरं म्हणजे आई वर्षानुवर्षं मिश्री लावायची. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं, तंबाखू कुठल्याही रूपात नको, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड, जखम दोन्ही उशिरा भरतात. तिने सोडली. तिला फार जड गेलं, चिडचिड व्हायची, रात्र रात्र झोप नाही, पण सोडली ती सोडलीच. मला आईचा आजही त्यासाठी अभिमान वाटतो. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर तुमच्यापासून लांब ओढू दे.

आणि गावाकडून कुणीतरी हाडवैद्याचं तेल घेऊन येईल. नमस्कार करून ठेवून घ्या. ऑपरेशन झालेल्या पायाला मालिश नको.

---

शुभा_डोंबिवली

काय लिहू, वाचताना डोळे भरून आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

वैजूमावशी, सासूबाईंशी काल बोलले. त्या म्हणाल्या, “मी तुझ्या पायाशीच बसून वाती वळीन, म्हणजे कोण आलं तर मीच सांगेन पाय खाली सोडू नकोस म्हणून.” मी इतके दिवस उगाच मनात घोळवत होते.

कमोड खुर्ची मिळाली, संडासावर नीट बसते. पायपुसणी उचलली. बाईंशी बोलणं झालंय. मुलाने स्वतःहून पलंगाजवळ त्याचा अभ्यासाचा दिवा आणून ठेवलाय, रात्री उठताना अंधार नको म्हणून.

आता दोन प्रश्न. टाके काढायला आणि एक्स-रेला जायचं तर रिक्षात कसं बसायचं? आणि ६ आठवड्यांनंतर ठाणे गाठायला लोकल कधी पकडता येईल? साहेब चांगले आहेत, घरून जमेल तेवढं कर म्हणालेत, पण त्यालाही मर्यादा आहे.

---

वैजूमावशी

गुणाची आहेत गं तुझी माणसं.

रिक्षाचं असं कर. आधी पाठ करून सीटवर बस, मग उजव्या कडेपर्यंत सरकत जा, पाठ त्या बाजूच्या दांड्याला टेकव आणि डावा पाय सीटवर आडवा लांब ठेव. पायाखाली उशी. तुझ्या नवऱ्याला पुढे बसायला मिळत नाही, त्यांनी स्कूटरवर मागून यावं. रिक्षावाल्याला निघायच्या आधीच सांगायचं, दादा, ऑपरेशन झालंय, खड्डे बघून घ्या. मला तरी सगळ्यांनी सांभाळून नेलं. दुपारची वेळ माग, रस्ते जरा मोकळे असतात. आणि दवाखान्यात नंबरला बसायचं असेल तर समोरची खुर्ची पायासाठी माग, लाजू नकोस.

---

अनघा_फिजिओ

शुभाताई, ६ आठवडे संपले म्हणजे दुसऱ्या दिवशी लोकल, असं होणार नाही. एक्स-रे चांगला आला तर डॉक्टर आधी पायाला आधार देणारा खास बूट देतील आणि थोडं थोडं वजन टाकायला सांगतील. थोडं म्हणजे किती, ते घरच्या वजनकाट्यावर शिकता येतं. वॉकर धरून उभं राहायचं, डावा पाय काट्यावर, आणि डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढ्याच आकड्यापर्यंत दाबायचं. दहा किलो पायाला कसे लागतात हे एकदा कळलं की चालताना अंदाज येतो. बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे उजव्या पायात तेवढ्याच उंचीची चप्पल किंवा बूट घाला, नाहीतर कंबर दुखायला लागते.

लोकलसाठी माझी अट अशी आहे. कुबडीशिवाय घरात आणि रस्त्यावर न लंगडता चालता आलं पाहिजे, जिना पायांनी चढता-उतरता आला पाहिजे, आणि कुणाचा धक्का लागला तर डाव्या पायावर पटकन सावरता आलं पाहिजे. सकाळच्या डोंबिवलीच्या गर्दीत हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तोपर्यंत घरून काम, किंवा साहेबांशी बोलून गर्दी ओसरल्यावरची वेळ. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन दिवसच जा. ऑफिसात टेबलाखाली पाय ठेवायला उंच स्टूल हवं. संध्याकाळी सूज येईल, ती काही महिने येत राहते, त्याने घाबरू नका. सकाळी उठल्यावरही तितकीच असेल किंवा करंगळीच्या बाजूला नव्याने दुखायला लागलं, तर मात्र लगेच दाखवा.

आणि एक काम शुक्रवारच्या आधीच उरका. बसून जिना चढायची सवय आत्ता करून बघा, पाच-सहा पायऱ्याच, स्लॅबचा पाय उचलून, तुमचे मिस्टर खालच्या पायरीवर उभे असताना. हात किती थकतात ते कळेल आणि मजल्यांच्या मध्येही कुठे थांबावं लागेल तेही ठरेल. जिन्यात पाणी नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.